शिंग्याचं नाक

आत्या, तुझ्या तेरवीची पंगत उठली, पत्रावळ्या उकिरड्यावर गेल्या, आणि दत्तादादानं देवघरातल्या शिंग्याला उचलून सदऱ्याच्या खिशात घातलं. मी दारातच होते. विचारलं, "कुठं नेतोस त्याला?"

"सोनाराकडं. मायचा टाक करायचा हाय."

"मग शिंग्या कशाला?"

"मोडायला. घरात चांदी दुसरी कुठं हाय?"

मी भांडायला उभी राहिले. तुझ्या लेकाशी, तुझ्या तेरवीच्या दिवशी, तुझ्या देवघरासमोर. आणि भांडता भांडता मनात आलं, आता तू चुलीपुढून ओरडशील, "पुढारीनबाई, आधी हात धुवा, मंग मोर्चा काढा." कुणी ओरडलं नाही. तू गेलीस हे मला तेव्हा कळलं. स्मशानात कळलं नव्हतं.

गेलेल्या माणसावर लिहायची एक रीत आहे. जन्म कुठं, सासर कुठं, स्वभाव किती मायाळू, जाण्यानं पोकळी केवढी. तुझ्यावर तसलं लिहायची मला बंदी आहे. बंदी तूच घातलीस, मागच्या दिवाळीत. त्याकडं येते. आधी शिंग्याचं सांगू दे, कारण हा कागद शिरड शहापूरच्या बाहेरही जाईल आणि लोकांना वाटेल शिंग्या म्हणजे बैल.

शिंग्या म्हणजे तुझ्या देवघरातलं चांदीचं जाड नाणं. रुपयापेक्षा मोठं, दीड तोळ्याच्या आसपास, वरच्या कडेला भोक पाडलेलं. एका बाजूला तरण्या पुरुषाचा चेहरा, केस वाऱ्यावर उडाल्यासारखे, आणि कानाभोवती वळलेलं मेंढ्याचं शिंग. चांदीच्या पत्र्यावर ठसवलेला खंडोबाचा टाक, तसाच भवानीचा टाक, तुझ्या नवऱ्याचा म्हणजे माझ्या मामांचा टाक, आणि त्यांच्या ओळीत हा. तो कुठून आला याच्या दोन गोष्टी तू एका दमात सांगायचीस. पहिली अशी की तुझ्या सासऱ्याच्या आईच्या काळात बैलांवर पोती लादलेला एक तांडा विहिरीजवळ मुक्कामाला होता, त्यातली एक बाई तुमच्या गोठ्यात बाळंत झाली, आणि निघताना तिनं गळ्यातल्या हारातून हे काढून दिलं. दुसरी अशी की हा तुमच्याच कुळातला वीर, तरणाच गेला, आणि मेल्यावर मेंढा होऊन रानाची राखण करायचा. मी म्हणायचे, "आत्या, दोन्ही खरं कसं असेल?" तू म्हणायचीस, "काहून नसंल? तू सभेत एक बोलतीस आन् घरी एक बोलतीस, तवा मी इचारते का?"

मी हिंगोलीला कॉलेजात असताना एका जाडजूड पुस्तकात तो चेहरा दिसला. तेच केस, तेच शिंग. मी तशीच जीपला लटकून तुझ्याकडं आले, नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली, दोन्ही बाजू उतरवून घेतल्या आणि औरंगाबादच्या एका जाणकार प्राध्यापकांना दाखवल्या. ते म्हणाले, हा सिकंदर. हे शिंग इजिप्तमधल्या एका देवाचं, सिकंदर स्वतःला त्याचा मुलगा म्हणवायचा. पण नाणं त्यानं पाडलेलं नाही. तो मेल्यावर त्याच्या सरदारांनी राज्य वाटून घेतलं, त्यांतल्या एकानं पाडलं. खरं आहे की कुणी मागून केलेली नक्कल, ते कागदावरून सांगता येत नाही. घेऊन या.

तू दिलं नाहीस. "देव कुठं एस्टीनं जातो का?"

"लग्नाच्या आधी उजळायला सायकलवरून जातो, तेव्हा बरं चालतं?"

"ते सोनाराकडं. सोनार वळखीचा हाय."

मी चिडले होते. माझं तेव्हा 'माणसाला देव करू नका' हे पत्रक नुकतंच निघालं होतं, आणि माझ्याच आत्याच्या घरात परक्या मुलखातला एक लढाईखोर राजा हळदकुंकू लावून बसला होता. मी तुला ओट्यावर बसवून पूर्ण भाषण दिलं. सरदाराला गादी हवी होती, लोक त्याला ओळखत नव्हते, म्हणून मेलेल्या धन्याला शिंग लावून देव केला आणि चांदीवर छापून बाजारात सोडला. तू शेंगा फोडत ऐकत होतीस. मग मी पेन्सिलीचा दुसरा कागद काढला. मागची बाजू पाटावर टेकलेली असायची, ती तुझ्या घासण्यातून बरीच वाचली होती.

"ही बघ, बसलेली देवी. तिच्या हातावर पंखांची छोटी बाई. ती हार घालते आहे. कुणाला घालते?"

"सिकंदरला."

"नाही. ही अक्षरं दिसतात ना, ते त्या सरदाराचं नाव. हार त्या नावाला आहे."

तू शेंगा थांबवल्यास. "म्हंजे फोटू मेलेल्याचा आन् हार जित्याला."

"हो."

"लई शाना हुता की गं मेला."

मला वाटलं, जिंकले. तू उठलीस, हात झटकलेस आणि शिंग्यापुढं सांजवात लावलीस.

मग हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि त्यानंतरच्या एका दिवाळीत आमच्या भागातल्या साहेबांनी जीपमधून घरोघर मखमली डब्या वाटल्या. डबीत चांदीचं नाणं. पुढं साहेबांचे कैलासवासी वडील, डोक्यामागं किरणं. मागं साहेबांचं नाव आणि शुभ दीपावली. निम्म्या गावानं ते लक्ष्मीपूजनाच्या ताटात ठेवलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी पत्रक लिहिलं, छापखानावाला म्हणाला, छापतो पण खाली माझं नाव टाकू नको. वारंगा फाट्यावर, जिथं माझ्या बापाचं पंक्चरचं दुकान आहे, तिथं उभी राहून वाटलं. साहेबांच्या दोन माणसांनी गठ्ठा हिसकून नालीत टाकला आणि बापाला सांगितलं, पोरीला आवरा. बाप मान खाली घालून ट्यूब घासत राहिला.

मी तुझ्याकडं आले ती फणफणत. पहिल्यांदा देवघराकडं गेले. साहेबांचा बाप तिथं असेल तर बाहेर फेकायचा, असं ठरवूनच. तो वर नव्हता. देवांच्या पाटाचा एक पाय आखूड होता, पाट कायम डुगडुगायचा. तो डुगडुगत नव्हता. वाकून पाहिलं तर किरणांसकट त्या पायाखाली.

"हे काय केलंस?"

"घासून पाह्यला. चिंच लावली तं सायबाचा बाप पिवळा पडला. वरून नुस्ता मुलामा हाय. म्हनलं कामाला तरी येईल."

मी इतकी हसले की फाट्यावरचा सगळा राग ओसरला. आणि हसू थांबल्यावर विचारलं, "समजा चांदी खरी असती, तर वर बसवला असतास?"

"आपल्याला कोन लागतो त्यो?"

"आणि शिंग्या कोण लागतो?"

"शिंग्याच्या मागून कोनी मत मागाया येत न्हाई."

"आत्या, त्याचाही सरदार आलाच होता ना मागायला!"

"आला आसंल. आता कुठं हाय? त्याचं नाव तरी वाचता येतं का तुला?"

मला येत नव्हतं. पण मी सोडलं नाही. म्हटलं, तो मरेपर्यंत त्या नाण्यावर किती शिपाई विकत घेतले असतील, किती गावं जाळली असतील, त्याचं काय? देव जुना झाला की त्याचं पाप धुतलं जातं का? तू शिंग्याला पाटावरून उचललंस. मग म्हणालीस, "ते बी खरंच हाय." आणि चिंचेचा कोळ घेऊन शिंग्याचं तोंड घासत राहिलीस. त्याला माफ करून की त्याला शिक्षा म्हणून, हे मला आजही माहीत नाही. विचारायला हवं होतं.

घासणं हे तुझं खरं पूजापाठ होतं. स्तोत्र एक येत नव्हतं. पण दिवाळीच्या आधी सगळे देव परातीत काढायचे, चिंच, चुलीतली राख, आणि उजव्या हाताचा अंगठा. तेव्हा तुझं तोंड चालायचं. मामांचा टाक हातात आला की, "जिते हुते तवा कधी पाठ घासू देली न्हाई. आता गप पडा. उधळलं ना समदं तमाशात? घ्या, आता चांदीचे होऊन बसा." खंडोबालासुद्धा दोन बायकांवरून ऐकावं लागायचं. मी हे पाहत मोठी झाले, आणि साहेबांच्या माणसांनी माझा गठ्ठा नालीत टाकला तेव्हा मला पहिल्यांदा नीट समजलं की मला नेमका राग कशाचा आहे. तुझ्या देवांना शिव्या खाव्या लागतात. साहेबांच्या बापाबद्दल मी एक ओळ लिहिली तर माझ्या बापाचं दुकान धोक्यात येतं. हे मी तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पत्रकातलं एक कलम तुझ्या नावावर गेलं असतं, आणि तू म्हणाली असतीस, "मंग मला त्याची मजुरी दे."

आता तुझी वाईट बाजू. तूच लिहायला लावलीस, म्हणून लिहिते.

जमनाबाई लमाणांच्या तांड्यावरची, त्या पोती लादणाऱ्यांच्याच कुळातली. तिचं शेत तुमच्या बांधाला लागून. निंदायला-खुरपायला दोघी एकमेकींच्या रानात जायच्या, तंबाखूची चंची दोघींत एक. तुला ताप आला की तीच चुलीवर काढा ठेवायची, मात्र बाहेरच्या चुलीवर. घरात तिची हद्द ओट्यापर्यंत. तिचा कप वेगळा, खिडकीत पालथा घातलेला. मी एकदा तो कप आणून तुझ्यासमोर ठेवला होता. म्हटलं, "जिच्या पणजीच्या गळ्यातला देव तू आत पुजतेस, तिला बाहेर बसवतेस? तिनं शिंग्याला हात लावला तर शिंग्या बाटतो? तो तर तिच्याच घरातून आलाय!"

ओट्यावर बसलेली जमनाबाई म्हणाली, "र्‍हाऊ दे पोरी." तू उत्तराला कधी मागं राहणारी नव्हेस, पण त्या दिवशी उठलीस आणि गोठ्यात गेलीस. कप मी पुन्हा खिडकीत ठेवला नाही, तू ठेवलास. पुढं आपण दोघींनी तो विषय काढला नाही. मी गावोगाव ज्या गोष्टीवर बोलते ती तुझ्या खिडकीत होती, आणि तुझ्या हातची भाकरी मला तरीही गोड लागायची. हे दोन्ही खरं आहे. तुझ्या शिंग्याच्या दोन गोष्टींसारखं.

तेरवीला जमनाबाई आली ती सवयीनं ओट्यावरच बसली. मी म्हटलं, "मावशी, आत चला." ती डोळे पुसत म्हणाली, "नगं गं. तिला आवडायचं न्हाई." तुझी इतकी आज्ञा पाळणारं दुसरं कुणी त्या गर्दीत नव्हतं, आत्या. पोटच्या पोरानंसुद्धा तुझं एवढं ऐकलं नव्हतं.

तर मागची दिवाळी. तू मामांना घासत होतीस. थकली होतीस. अचानक म्हणालीस, "आता पुढल्या खेपंला मला बी घासतील. दत्ता मला बसविनार ह्यात."

"बसवेल."

"तू येशील का पाया पडाया?"

"नाही."

"जरा बी न्हाई?"

"नाही आत्या. माणसाला देव करू नये असं मी बोलते."

"सलवारीखाली पैंजनं घालती ती पोरगी बोलती हे?"

कुणालाच माहीत नव्हतं. दागिने म्हणजे बायकांच्या पायातल्या बेड्या, असं मी छापून वाटते. आणि तू मला सातवी पास झाल्यावर करून दिलेले पैंजण, घुंगरं काढून, सलवारीखाली घालते. तू ओळखलंस कसं, देव जाणे. म्हणजे कुणीच जाणत नाही.

"बरं, पाया पडू नको. मंग काय करशील माझ्यासाठी?"

"पत्रक काढीन."

तू खूश झालीस. खरंच झालीस. मग बोट उगारलंस. "काढ. पन लई गुणाची हुती, असं लिहू नको. लोकं मेल्यावर बाईला एकदम गरीब गाय करून टाकत्यात. मी गाय न्हाई."

ही ती बंदी. मी पाळली आहे.

सोनाराकडं मी दत्तादादाच्या मागं मागं गेले. त्यानं नको म्हटलं तरी गेले. सोनारानं शिंग्याला कसोटीवर ओढलं, तराजूत टाकलं आणि म्हणाला, "चांदी बेस हाय. आता आशी भेटत न्हाई." मूस तयार होती. भात्यानं कोळसे लाल झाले होते. मी म्हटलं, टाक कसा करणार ते आधी दाखवा. त्यानं पितळेचा ठसा काढला. नऊवारीतली बाई, हात जोडलेले, डोळे मोठे, नाक चाफेकळी.

"ही कोण?"

"बायामानसाला ह्योच ठसा असतो. समद्या गावच्या बाया ह्यातूनच निघाल्यात."

आत्या, मला रडू तिथं फुटलं. तुझं नाक बसकं होतं. लहानपणी गायीनं ढुसणी दिली होती, ते एका अंगाला कललेलं राहिलं. तू जन्मात कुणापुढं असे हात जोडून उभी राहिली नाहीस. आणि तुला त्या साच्यातून काढणार होते, गरीब गाय करून.

दत्तादादा म्हणाला, "निर्मले, तू त देव मानत न्हाईस. मंग शिंग्यासाठी काहून जीव काढून राहिली?"

मी शिंग्या त्याच्या तळहातावर ठेवला. "ह्याचं नाक बघ."

"कुठं हाय नाक?"

"तेच. पुस्तकातल्या चित्रात आहे. चांगलं लांब, सरळ नाक आहे. इथं कुठं गेलं?"

तो बघत राहिला. शिंग शाबूत होतं, केस ओळखू येत होते. पण नाक, ओठ, गाल, जिथं अंगठा जातो तिथं सगळं गुळगुळीत झालं होतं. किती पिढ्यांनी घासलं असेल ते असेल, पण आम्ही दोघांनी एकच अंगठा पाहिला होता. "हा सिकंदर आता थोडाच उरलाय, दादा. बाकी आत्या आहे. ह्याला वितळवून तू त्या चाफेकळीला करणार?"

दत्तादादानं आपला अंगठा तिथं ठेवला. बराच वेळ ठेवला. सोनार म्हणाला, "भाऊ, लवकर ठरवा, कोळसा जळून राह्यला."

"पन मायला असंच सोडायचं का?" दादा म्हणाला. त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला. "समदे हायेत तिथं. बाप हाय. ती एकटीच न्हाई."

मी दुकानाच्या पायरीवर बसले आणि दोन्ही पैंजण काढून सोनाराच्या तराजूत टाकले. दादा पाहत राहिला, मग रडता रडता हसला. "माय म्हनायची, पोरीच्या पायात हायेत म्हून."

शिंग्या घरी परत आला आहे. त्याचा निकाल लागलेला नाही. मी म्हणते, ही जुनी वस्तू आहे, ती सरकारला कळवायला हवी, जाणकारानं पाहायला हवी. दादा म्हणतो, देव एस्टीनं जात नसतो. भांडण तुझ्याकडून त्याच्याकडं वारसानं आलं आहे. पण भांडायला शिंग्या शिल्लक आहे.

तुझा टाकही आला. मामांच्या शेजारी बसवलाय. वहिनीनं हळदकुंकू लावलं, सगळे वाकले. मी वाकले नाही. तुला आधीच सांगितलं होतं. मी नुसती पाहत उभी राहिले, त्या चाफेकळी नाकाकडं, त्या जोडलेल्या हातांकडं. तू नव्हतीस ती. चांदी तेवढी तू दिलेली होती, माझ्या पायातली.

म्हणून आता ठरवलं आहे. पाया पडायला येणार नाही, घासायला येईन. दर दिवाळीच्या आधी, चिंच भिजवून, राख चाळून. आणि एकटी येणार नाही. जमनाबाईला ओट्यावरून उठवून आत आणणार आहे, परातीजवळ, माझ्या बरोबरीनं. तिच्या हातात शिंग्या देईन. तुझ्या उत्तराची वाट मी पुष्कळ पाहिली, आता पाहत नाही. राग आला तर तिथूनच ये आणि भांड.

आणि माझ्या हातात तू असशील. शिव्या खाशील. कपाच्या, पैंजणांच्या, दत्ताला लहानपणी मारलंस त्याच्या. सगळ्यात आधी ते सरळ नाक घालवायचं आहे, आत्या. चांदी लवकर झिजत नाही, पण माझा अंगठा तुझ्यावरच गेलाय.